गेले कुठे होते ते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारणारे बदलतात, प्रश्न तोच असतो. ऑफिसात डबा खाताना, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, एकदा तर भाच्याच्या मुंजीत, पंगतीला बसल्या बसल्या: "अहो, तुमच्या त्या कोरियन पोरांचा परत कमबॅक म्हणे! गेले कुठे होते? आणि असं किती दिवस चालणार?"

गेले कुठेच नव्हते. के-पॉपमध्ये नवा अल्बम आला की त्याला कमबॅक म्हणतात, मग मागचा सहाच महिन्यांपूर्वी का आलेला असेना. नवी गाणी, नव्या रंगाचे केस, आणि पहिल्या आठवड्याच्या विक्रीवर सगळ्यांचे डोळे. इतकंच.

किती दिवस चालणार, हे सांगायला मात्र वेळ लागतो. आमच्या घरात लेकीच्या कृपेने 'सेव्हन्टीन' हा गट आहे, पण आधी त्यांच्याच कंपनीतल्या थोरल्या भावांबद्दल सांगते. 'न्यूईस्ट', पाच जण, २०१२ मध्ये आले. फारसं जमलं नाही. २०१७ मध्ये त्यांच्यातले चौघं 'प्रोड्यूस १०१' या टीव्ही स्पर्धेत उतरले. पाच वर्षं स्टेजवर काढलेली मुलं पुन्हा शिकाऊ म्हणून नवख्यांच्या रांगेत उभी राहिली. लोकांना ते बघवेना. त्यांचं २०१३ चं पडलेलं गाणं चार वर्षांनी चार्टवर चढलं. त्यातला मिनह्यून जिंकणाऱ्यांच्या नव्या गटात गेला, मागे राहिलेल्या चौघांनी त्याच वर्षी म्यूझिक शोचा, म्हणजे टीव्हीवर गाण्यांमधून विजेता निवडणाऱ्या कार्यक्रमाचा, पहिला विजय मिळवला. पुढे त्या स्पर्धेच्या मतांमध्ये फेरफार झाल्याचं कोर्टात सिद्ध झालं, आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांत न्यूईस्टचा बेकहोही होता.

आपण ज्याला कमबॅक म्हणू तो हा. सिनेमात शोभेल असा. आणि तरीही मार्च २०२२ मध्ये करार संपला, गट संपला.

कारण खरी परीक्षा कराराची असते. कोरियात कलाकार आणि कंपनी यांच्यातल्या आदर्श करारात २००९ पासून सात वर्षांची मर्यादा आहे, आणि सातवं वर्ष आलं की भलेभले गट फुटतात. आपल्याला यात नवल वाटायला नको. १९१३ मध्ये बालगंधर्व, टेंबे आणि बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडलेच होते की.

सेव्हन्टीन आले २६ मे २०१५ ला. मुलं तेरा, नाव सतरा. तेरा जण, त्यांच्या तीन तुकड्या आणि एक संघ, बेरीज सतरा! हा हिशोब मला पहिल्यांदा लेकीने पोळी लाटताना समजावला होता आणि मी तिला वेड्यात काढलं होतं. पण त्या तीन तुकड्यांतच मेख आहे. एक रॅपवाली, एक गाणारी, एक नाचणारी. बरीचशी गाणी वूजी लिहितो, नाच बसवण्यात होशी पुढे. बाहेरून आणलेलं गाणं पाठ करून म्हणणारा माणूस बदलता येतो. आपल्या हाताने घर बांधलेल्याला हलवणं अवघड. २०२१ मध्ये, करार संपायला वर्ष असताना, तेराच्या तेरा जणांनी पुन्हा सह्या केल्या.

त्यानंतर आकडे आले. २०२३ च्या 'एफएमएल' अल्बमच्या पहिल्या आठवड्यात ४५ लाखांहून जास्त प्रती गेल्या. त्या वर्षी जगात सर्वाधिक विकला गेलेला अल्बम तोच. या आकड्यांना मी फार भुलत नाही. अल्बमच्या प्रत्येक खोक्यात कुणाचं फोटोकार्ड, म्हणजे गटातल्या एकाचा छोटा फोटो, निघेल ते नशीब, त्यामुळे एकेक मुलगी चार-चार प्रती घेते. प्रती चार झाल्या म्हणून चाहते चार होत नाहीत. आमच्याकडे खोकं आलं तेव्हा लेकीने हात धुऊन, पुसून, कात्रीऐवजी नखाने हळूच प्लास्टिक काढलं. हवा होता मिंग्यू, निघाला दुसराच. पाच मिनिटं घरात सुतक. मग दादरच्या एका मुलीशी अदलाबदल ठरली आणि दोघी स्टेशनच्या पुलावर भेटून आल्या. आज ती मुलगी आमच्याकडे दिवाळीच्या फराळाला असते.

मला विचाराल तर लोकप्रियता टिकते ती दोन कमबॅकच्या मधल्या रिकाम्या दिवसांत. त्या दिवसांसाठी त्यांचा यूट्यूबवर 'गोइंग सेव्हन्टीन' आहे. तेरा जण एकमेकांना फसवतात, हरतात, ओरडतात. गाण्यांशी देणंघेणं नसलेले लोकही कोरियात तो बघतात. चाहत्यांचं नाव 'कॅरट', हिऱ्याचं माप. मग या नुसत्या बघ्यांना नाव पडलं 'क्युबिक', म्हणजे झर्कोनियाचा खडा. आपल्याकडचा अमेरिकन डायमंड!

मी तोच. एपिसोड चुकवत नाही, गाणी मात्र निम्मी येत नाहीत. 'मामा' या कोरियन संगीत पुरस्कारांत त्यांना पहिला दएसांग, म्हणजे सर्वोच्च मान, मिळाला तो २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये, पदार्पणानंतर आठ वर्षं उलटल्यावर. मंचावर त्यांच्यातला सुंगक्वान रडला, इकडे लेक रडली, मी चहा टाकला. सप्टेंबर २०२४ पासून एकेक जण सक्तीच्या लष्करी सेवेसाठी जाऊ लागला. तेव्हा 'गेले कुठे?' या तुमच्या प्रश्नाला आता निदान काहींच्या बाबतीत खरं उत्तर आहे.

आणि हो, तेरांपैकी अकरा मला चेहऱ्याने ओळखता येतात. उरलेल्या दोघांत अजून घोळ होतो. कोणते दोघं ते सांगणार नाही, मला याच घरात राहायचंय.