ताकायामाला जाताय? सान्माची बघाच, पण हिगाशियामाची वाट सोडू नका

जपानमधलं ताकायामा म्हटलं की सगळे सान्माची या जुन्या गल्लीचेच फोटो टाकतात. गल्ली सुंदर आहे, वादच नाही, काळपट लाकडी घरं, दोन्ही कडेला पाण्याचे पाट, साकेच्या (तांदळाच्या दारूच्या) दुकानांवर टांगलेले सुगी या जपानी झाडाच्या डहाळ्यांचे मोठे गोळे. पण सकाळी दहानंतर तिथे टूर बसेसची गर्दी अशी होते की चालणं कमी आणि सॉरी सॉरी म्हणणंच जास्त. म्हणून माझं मत, सकाळ सान्माचीत घालवू नका, पूर्वेच्या टेकडीकडे हिगाशियामाला जा.

कानामोरी नागाचिका नावाच्या सरदाराने सोळाव्या शतकाच्या शेवटी इथे किल्ला बांधला, गाव वसवलं आणि क्योतोच्या हिगाशियामासारखी देवळं या टेकडीपाशी आणली. पुढे १६९२ मध्ये शोगुनने, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाने, ताकायामा ज्यात येतं तो हिदा प्रांत थेट ताब्यात घेतला, किल्ला पाडला, देवळं मात्र राहिली. उनर्युजी या देवळाचं घंटेचं दार त्या किल्ल्यातूनच आणलं म्हणतात.

वाट साधारण साडेतीन किलोमीटरची. आम्ही उत्तरेला उनर्युजीपासून सुरू केली, एकामागून एक देवळं, मध्येच शिंतो देवस्थान, मध्येच कुणाच्या तरी परसातून गेल्यासारखी बोळ, आणि लागूनच शेवाळ चढलेली दफनभूमी. तिथे नळाजवळ बादल्या आणि लांब दांड्याचे डाव ओळीने ठेवलेले, कित्येकांवर घराण्याचं नाव, थडग्याच्या दगडावर पाणी घालायला. एक आजी आल्या, बादली भरली, आम्हाला बघून हलकेच मान लववली आणि आपल्या कामाला लागल्या. फोटो काढावासा वाटला पण नाही काढला, तुम्हीही काढू नका, आणि घंटा दिसली म्हणून वाजवायची पण नाही.

शेवटी शिरोयामा पार्क, किल्ल्याची जागा. चढ आहे, वर थोडे दगड उरलेत, पण वाट छान. अस्वलांपासून सावध राहा अशा पाट्या आहेत, म्हणून एकटेदुकटे संध्याकाळी वर जाऊ नका. खाली उतरताना शोरेनजी हे देऊळ बघा, मुख्य इमारत १५०४ सालची, मिबोरो धरणामुळे शोकावा या गावाहून हलवून इथे उभारली.

घाई न करता अडीच-तीन तास धरा. पाट्या आहेत पण काही नुसत्या जपानीत, म्हणून स्टेशनजवळच्या माहिती केंद्रातून नकाशा घ्या. पाणी सोबत ठेवा, कचऱ्याचे डबे जवळजवळ नाहीतच, पिशवी ठेवा. रोख येन लागतात.

खायचं म्हणाल तर मियागावा नदीकाठचा सकाळचा बाजार दुपारी बाराच्या आसपास आवरतो, आधी तिकडे जाऊन मग वाटेला लागा. इथली मिताराशी दांगो (काडीला टोचलेले तांदळाच्या पिठाचे गोळे) गोड नसते, नुसता सोया सॉस लावून भाजलेली, मला तर फारच आवडली. शाकाहारींनी सोबा (बकव्हीटच्या नूडल्स) मागवताना विचारा, रश्शात बहुधा मासा असतो.

सान्माची संध्याकाळी पाचनंतर, दुकानं मिटली की फिरा, घरं तेव्हाच नीट दिसतात.

नागोयाहून हिदा एक्स्प्रेसने साधारण अडीच तासांत पोचता, सुरुवातीला सीट उलट्या दिशेला दिसतील, गिफूला गाडी दिशा बदलते तेव्हा सरळ होतात. १४-१५ एप्रिल आणि ९-१० ऑक्टोबरला जत्रा असते, हॉटेल खूप आधी बुक करा. थंडीत जाणार असाल तर पायऱ्यांवर बर्फ असतो, चांगल्या ग्रिपचे बूट नसतील तर हिगाशियामा सोडून खालच्या गल्ल्यांवरच भागवा.