फॅनफिक्शनमधली तिरकी रेघ

फॅनफिक्शन, म्हणजे आवडत्या मालिकेतली किंवा पुस्तकातली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टी, वाचणाऱ्यांना दोन पात्रांच्या नावांमधली तिरकी रेघ इतकी सवयीची झालेली असते की तिच्याकडे वेगळं लक्षही जात नाही. 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या कर्क आणि स्पॉक यांच्यामध्ये '/' असेल तर गोष्ट त्यांच्या प्रेमाची, '&' असेल तर मैत्रीची. ही खूण इंटरनेटच्या कितीतरी आधीची, १९७०च्या दशकातली आहे. आजच्या फॅनफिक लिहिणाऱ्यांच्या बहुतेक चांगल्या सवयी त्याच कागदाच्या काळात लागल्या, असं माझं ठाम मत आहे. तेव्हा प्रत्येक पान हाताने छापावं लागे, त्यामुळे कुठली गोष्ट कोणासाठी आहे हे आधीच सांगणं भाग होतं.

'फॅनझीन' (थोडक्यात 'झीन'), म्हणजे चाहत्यांनी स्वतः छापलेलं नियतकालिक; हा शब्द १९४० सालचा, विज्ञानकथांच्या चाहत्यांचा. त्यांच्यात 'फॅन फिक्शन' म्हणजे हौशी लेखकाची विज्ञानकथा, नाहीतर चाहत्यांवरच रचलेली गोष्ट. आज आपण ज्या अर्थाने तो शब्द वापरतो, तो रुजला 'स्टार ट्रेक'मुळे. मालिका सप्टेंबर १९६६ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि वर्षभरातच, सप्टेंबर १९६७ मध्ये, देव्रा लँगसॅम आणि शेर्ना कमरफोर्ड यांनी 'स्पॉकानेलिया' काढलं. फक्त या मालिकेला वाहिलेलं हे पहिलं झीन. त्याच्या पहिल्या अंकात डोरथी जोन्स यांनी 'नि वार' हा व्हल्कन, म्हणजे स्पॉकच्या ग्रहावरचा, काव्यप्रकार रचला. एकाच गोष्टीची दोन रूपं समोरासमोर ठेवणारी ही कविता. पुढे मूळ मालिकांनीच हा शब्द उचलला: आधी एका व्हल्कन जहाजाला ते नाव मिळालं आणि २०२० मध्ये तर खुद्द व्हल्कन ग्रहालाच. चाहत्याने घडवलेला शब्द मूळ कथाविश्वात जाऊन बसल्याचं याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही.

झीन निघायचं सायक्लोस्टाइलवर. टाइपरायटरची रिबन बाजूला करायची म्हणजे अक्षराचा खिळा थेट मेणकागदावर, म्हणजे स्टेन्सिलवर, आपटतो आणि तिथे शाईला वाट मिळते. त्याआधी खिळे ब्रशने साफ करायचे, नाहीतर 'e' आणि 'a' यांची पोटं भरून छापली जातात. 'o' जोरात मारला तर मधला गोल तुकडाच गळून पडतो आणि कागदावर काळा ठिपका उमटतो. चूक झाली की त्यावर दुरुस्तीचं द्रावण लावून, ते पुरतं वाळू देऊन मग पुन्हा टाइप करायचं. घाई केली की स्टेन्सिल तिथेच फाटते. चित्र असेल तर ते स्टेन्सिलवर टोकदार सळईने कोरायचं. पाठपोट छापायचं असेल तर पहिली बाजू वाळेपर्यंत थांबायचं, आणि शाई वरच्या कागदाच्या पाठीला लागू नये म्हणून मध्ये कोरे कागद घालायचे. मग टेबलाभोवती पानांचे गठ्ठे मांडून, फेऱ्या मारत एकेक पान उचलून अंक जुळवायचा. इथली नेहमीची चूक म्हणजे दोन पानं चिकटून येणं: एका अंकात तेच पान दोनदा येतं आणि दुसऱ्यातून गायब होतं. म्हणून स्टेपल मारण्याआधी प्रत्येक अंकाची पानं मोजायची.

इतकी मेहनत असल्यावर संपादक गोष्ट पुन्हापुन्हा तपासत, यात नवल नाही. शिवाय घरी व्हिडिओ रेकॉर्डर नव्हते. भाग दिसेल तेव्हा टिपणं काढायची, जमलं तर आवाज टेप करून ठेवायचा. कॅननबद्दलचा, म्हणजे मूळ मालिकेत जे घडलं त्याबद्दलचा, काटेकोरपणा या टिपणांतून आला.

१९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी 'मिनॅजरी' झीनच्या दुसऱ्या अंकात एक छोटं विडंबन लिहिलं. साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट मेरी स्यू सगळं काही करू शकते आणि सगळे तिच्यावर भाळतात. तेव्हापासून 'मेरी स्यू' ही शिवी झाली, आणि ती सरसकट वापरली जाते हे मला पटत नाही. नवीन मुलगी गोष्टीत आणणं ही चूक नव्हे. बिघडतं ते तिच्या आसपास जुनी पात्रं आपला स्वभाव विसरतात तेव्हा. तपासायचं असेल तर तिला एका प्रसंगातून काढून टाका आणि बाकीच्यांचे संवाद वाचा. ते कोण बोलतंय हे ओळखू येत नसेल, तर दुखणं तिथे आहे.

कर्क-स्पॉक प्रेमाची छापली गेलेली पहिली गोष्ट डायान मार्चंट यांची, १९७४ मध्ये 'ग्रुप' या झीनमध्ये आलेली. त्यात पात्रांची नावंच नव्हती. तिथपासून शीर्षकाखाली स्पष्ट लेबल लावण्यापर्यंतचा प्रवास मोठा आहे.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. १९९८ मध्ये फॅनफिक्शन डॉट नेट ही वेबसाइट आली, २००२ मध्ये तिथून प्रौढांसाठीच्या गोष्टी काढल्या गेल्या. २००७ मध्ये लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या साइटवरची शेकडो खाती अचानक बंद झाली. आपलं लेखन आपल्याच सर्व्हरवर हवं, या आग्रहातून त्याच वर्षी चाहत्यांची संस्था उभी राहिली आणि १४ नोव्हेंबर २००९ रोजी तिचा एओ३ (आर्काइव्ह ऑफ अवर ओन) हा फॅनफिक्शनचा ऑनलाइन संग्रह सर्वांसाठी खुला झाला. २०१९ मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

नव्याने लिहिणाऱ्यांनी बीटा वाचकाकडून, म्हणजे प्रकाशनाआधी गोष्ट वाचून चुका सांगणाऱ्याकडून, दोन फेऱ्या करून घ्याव्यात. पहिल्या फेरीत फक्त एकच प्रश्न: पात्र कुठे परकं वाटलं? व्याकरण दुसऱ्या फेरीत. दोन्ही एकदम केलं की बीटा स्वल्पविरामांत अडकतो आणि पोकळ प्रसंग तसाच सुटतो. ड्रॅबल, म्हणजे ठरावीक शब्दांची अतिलघुकथा, लिहीत असाल तर बरोबर १०० शब्द, ९९ नाहीत.

गोष्टीचा सारांश लिहिताना 'मला सारांश जमत नाही' असं कधीच लिहू नका. त्या जागी पात्र, अडचण आणि ती कुठे सुरू होते एवढं दोन ओळींत सांगा. टॅग कितीही वेगळ्या स्पेलिंगने लिहिला तरी एओ३चे स्वयंसेवक तो हाताने योग्य टॅगला जोडतात. पण '/' च्या जागी '&' टाकलं तर त्यांनाही तो मैत्रीचाच टॅग दिसणार, आणि प्रेमकथा शोधणाऱ्याच्या यादीत तुमची गोष्ट येणारच नाही. प्रकाशित करण्याआधी ती एक खूण पुन्हा बघून घ्या.