घडीवरचं नाव

मायच्या प्रार्थनेच्या पुस्तकात एक कागद होता. वहीचं पान, चार घड्या घातलेलं, घडीवर विरलेलं. त्यावर अठरा नावं. तिचे आईवडील, सासू, शेजारची एक बाई, लहानपणीच गेलेला माझा भाऊ. नोव्हेंबर लागला की रोज तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाल्यावर ती ही नावं वाचायची. २०२५च्या जूनमध्ये माय गेली. २ नोव्हेंबरला, अल्मांच्या म्हणजे मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, तिच्या कबरीवर मेणबत्ती लावून घरी आले आणि कागदाच्या तळाशी एकोणिसावं नाव लिहिलं. सायबाच्या फेस्ताला, सणाला, चालत जायचं, हे त्याच संध्याकाळी ठरलं.

गोंयचो सायब म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर ते वारले. १५५४ मध्ये त्यांचा देह गोव्यात आणला गेला, आज तो जुन्या गोव्यात बॉम जेझूस बॅसिलिकेत आहे. सावंतवाडीहून तिथवर साठेक किलोमीटर.

१ डिसेंबरला पहाटे चार वाजता आम्ही चौदा जण निघालो. पुढे क्रूस, मागे तेर्साची लय. इन्सुलीच्या घाटात अंधार होता, बांद्याला तेरेखोलच्या पुलावर ऊन आलं. पत्रादेवीपर्यंत मी गात होते. कोलवाळचा पूल येईस्तोवर उजव्या टाचेला फोड आला आणि गाणं थांबलं. सोबतच्या मावशीने पाहिलं. ती सत्तरीची, दरवर्षी चालणारी.

"बाये, पाय दुखतत मां? दुखांदेत. येकाचा नाव घे आनि चल."

तसं केलं. एका नावासाठी 'प्रणाम मरिया' ही प्रार्थना एकदा, मग पुढचं नाव. आजी, आजोबा, भाऊ. सातव्या नावाशी अडले. ते काकांचं. जमिनीच्या वाटणीवरून त्यांनी आमचं अंगण तोडलं होतं, बाबांशी मरेपर्यंत बोलले नाहीत. हे नाव मायने लिहिलंय, तेही स्वच्छ, वळणदार अक्षरात! मी ते गाळलं आणि आठव्यावर गेले.

रात्री म्हापशाला मुक्काम. जेवणानंतर फादरांनी सायबाची एक गोष्ट सांगितली. १५४६ मध्ये मोलुक्का बेटांवरून त्यांनी युरोपातल्या सोबत्यांना लिहिलं होतं, की तुमच्या पत्रांतल्या तुमच्या हातच्या सह्या मी कापून घेतल्या आहेत आणि त्या कायम जवळ बाळगतो. हजारो कोसांवर, परक्या भाषेच्या मुलखात, एका संताला माणसांची नावं अंगाशी लागत होती. मी अंधारात खिशातला मायचा कागद चाचपला. संत व्हायचं म्हणजे माणसांपासून वर उठायचं, अशी माझी समजूत होती. ती त्या रात्री गेली.

पुर्गातोर, म्हणजे मेल्यानंतरचं शुद्धिस्थान, त्याविषयीही तसंच. लहानपणी मला ती शिक्षा वाटायची. ख्रिस्तसभा, म्हणजे आमचं कॅथलिक चर्च, शिकवते, की देवाच्या मैत्रीत गेलेले पण अजून पुरते शुद्ध न झालेले जीव तिथे निर्मळ होतात, आणि आपली प्रार्थना त्यांना मदत करते. म्हणजे काकांचं काम अजून चालू आहे. आणि माझंही. त्यांना देवाने उजेडात घ्यावं असं मला वाटत नसेल, तर धुवून निघायचं कोणाला जास्त आहे?

दुसऱ्या दिवशी गिरी, पर्वरी, मांडवीचा पूल. पणजी ओलांडून रायबंदरच्या बांधाला लागलो. सतराव्या शतकातला, मिठागरांमधून सरळ जाणारा तो रस्ता तीनेक किलोमीटर आहे. डाव्या हाताला नदी. कोणी बोलत नव्हतं. २०२५ हे ख्रिस्तसभेचं जुबिली वर्ष होतं, त्याचं ब्रीद 'आशेचे यात्रेकरू'. बायबलात संत पौल रोमकरांना लिहितो, आशा लाजवत नाही. वर्षभर चर्चमध्ये ते वाक्य ऐकलं, पण पायाला फोड आल्यावर ते कळलं. माय भेटेल ही माझी आशा आहे, आणि ती भेटेल तिथे काकाही असतील, बहुतेक तिच्या शेजारीच, कारण एवढी वर्षं तीच त्यांच्यासाठी मागत होती. बांधाच्या मध्यावर मी सातवं नाव घेतलं. मोठ्याने नाही. प्रणाम मरिया पूर्ण म्हटलं आणि मागे वळून पुन्हा एकदा म्हटलं, कारण काल राहिलं होतं.

३ तारखेला, फेस्ताच्या दिवशी, पहाटेच्या मिस्सेला, चर्चमधल्या मुख्य उपासनेला, उभं राहायलाही जागा नव्हती. मृतांच्या स्मरणाला फादर क्षणभर थांबले. हजारो माणसं गप्प, प्रत्येकाच्या ओठांवर कोणीतरी. मी कागद उघडला. दोन दिवसांच्या घामाने घडीवरची शाई फुटली होती आणि नेमकं काकांचं नाव तिथे होतं, अर्धं पुसलेलं.

मिस्सा संपल्यावर आवारात मावशी खाजं घेऊन आली. तिच्या पिशवीतलं पेन मागून घेतलं, कागद गुडघ्यावर ठेवला आणि मायच्या अक्षरावरून ते नाव पुन्हा गिरवलं.