विली ओरीचा उजवा डोळा

18 जानेवारी, रात्री

1958 साली आजच्याच तारखेला माँट्रियलच्या फोरम रिंकवर बॉस्टन ब्रुइन्सचा बावीस वर्षांचा एक पोरगा उतरला. विली ओरी. एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. सामना ब्रुइन्सने 3-0 असा जिंकला. दरवर्षी या दिवशी त्याच्याबद्दल काही ना काही छापून येतं आणि 'पहिला' या शब्दापाशीच संपतं. माझं मन मात्र कितीतरी दिवस त्याच्या उजव्या डोळ्यापाशी घोटाळतंय. आज लिहूनच टाकते.

जन्म 1935 चा, कॅनडातल्या फ्रेडरिक्टनचा. तिकडे हिवाळ्यात वडील परसात पाणी सोडून बर्फ जमवायचे आणि तिसऱ्या वर्षापासून हा त्यावर स्केट घालून धावायचा. पुढे 1955-56 च्या मोसमात तो ऑन्टारियोतल्या किचनर शहराच्या संघाकडून खेळत होता. एका सामन्यात पक उसळून थेट त्याच्या उजव्या डोळ्यावर बसला. पक म्हणजे तीन इंच रुंद, एक इंच जाड रबराची चकती. ती जास्त उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून टणक करतात. तेव्हा डोक्यावर हेल्मेट नसायचं, चेहऱ्यापुढे काच नसायची. त्या डोळ्याची 95 टक्के दृष्टी गेली. डॉक्टरांनी सांगितलं, आता हॉकी विसर. दोन महिन्यांच्या आत तो परत बर्फावर होता.

एका डोळ्याने आंधळ्या खेळाडूला एनएचएलच्या नियमात जागाच नव्हती. म्हणून त्याने तोंड मिटून घेतलं. एका बहिणीला तेवढं सांगितलं, आणि तिलाही कुणापाशी बोलू नकोस म्हणून बजावलं.

तो खेळायचा लेफ्ट विंगला. डावीकडे रिंकची भिंत, आणि सगळा खेळ उजव्या अंगाला. सोबत्याचा पास उजवीकडून येणार, अंगावर धावून येणारा धिप्पाड बचावपटू उजवीकडूनच येणार, आणि नेमका तोच डोळा गेलेला. त्यामुळे प्रत्येक पास घेताना मान पुरती उजव्या खांद्यावरून वळवायची, डाव्या डोळ्याने बघायचं, आणि हे सगळं भरधाव वेगात. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा एका डोळ्यावर पट्टी असताना ती चहा ओतायला लागली की धार कपाशेजारी पडायची. अंतराचा अंदाजच येत नव्हता तिला. ओरीबद्दल वाचताना मला सारखी ती बशी आठवते.

आपल्याला हे पतौडींमुळे थोडंफार ठाऊक आहे. त्यांचाही उजवाच डोळा गेला, 1961 च्या मोटार अपघातात. त्याच वर्षी डिसेंबरात ते कसोटी खेळले आणि 1962 मध्ये, एकविसाव्या वर्षी, भारताचे कर्णधार झाले. पण त्यांच्या डोळ्याचं जगाला माहीत होतं. झेल सुटला तर लोक समजून घ्यायचे, धावा झाल्या तर दुप्पट कौतुक करायचे. ओरीच्या वाट्याला यातलं काही नाही. पास हुकला की हुकला. आणि ज्या प्रेक्षकांना त्याच्या कातडीचा रंगच खुपत होता, त्यांच्यासमोर तो हुकायचा.

रंगाचं ओझं त्याला आधीच कळलं होतं. 1956 मध्ये बेसबॉलच्या निवड शिबिरासाठी तो अमेरिकेत जॉर्जियाला गेला होता. निवड झाली नाही. परतीचा प्रवास बसने, कित्येक दिवसांचा. दक्षिणेत मागच्याच बाकांवर बसावं लागलं. बस जशी उत्तरेकडे सरकत गेली तसा तो एकेक करत पुढे येत गेला, आणि गावाकडे पोचेपर्यंत पुढच्या बाकावर आला होता. बेसबॉल त्याने तिथेच सोडला.

ब्रुइन्सकडून 1958 मध्ये दोन सामने, मग 1960-61 मध्ये 43. पहिला गोल 1 जानेवारी 1961 ला, पुन्हा माँट्रियलविरुद्धच. शिकागोत एका प्रतिस्पर्ध्याने स्टिकचं टोक त्याच्या तोंडावर मारलं. नाक मोडलं, पुढचे दात पडले. ओरीनेही स्टिक उगारली, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. मोसम संपल्यावर त्याला दुसऱ्या क्लबला देऊन टाकलं. एकूण 45 सामने, 4 गोल. एनएचएलचा हिशेब इथे मिटला.

पण कारकीर्द मिटली नाही. लॉस एंजेलिसच्या संघात प्रशिक्षकाने त्याला राइट विंगला हलवलं. बस्स, एवढंच. आता भिंत आंधळ्या बाजूला आणि सगळा खेळ धड डोळ्यासमोर. वेस्टर्न हॉकी लीगमध्ये दोन वेळा त्याने मोसमात 38 गोल केले, एकदा लॉस एंजेलिसकडून 1964-65 मध्ये, एकदा सॅन डिएगोकडून 1968-69 मध्ये. मधल्या काळात, 1967 ला, एनएचएलचे सहाचे बारा संघ झाले होते. बारा संघ, आणि त्याला बोलावणं एकाचंही नाही! 1974 मध्ये माइक मार्सन आला तोवर त्या लीगमध्ये दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू दिसला नाही. हे वाचून मला अजूनही संताप येतो. ओरी मात्र 1978-79 पर्यंत, वयाच्या त्रेचाळीसाव्या वर्षापर्यंत, सॅन डिएगोत खेळत राहिला.

लहानपणी, 1949 मध्ये, तो ब्रुकलिनमध्ये जॅकी रॉबिन्सनला, म्हणजे अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉल लीगमधली वर्णबंदी मोडणाऱ्या कृष्णवर्णीय खेळाडूला, भेटला होता आणि 'मी हॉकीही खेळतो' असं त्याला सांगून आला होता. 1962 मध्ये लॉस एंजेलिसला एका समारंभात दोघं पुन्हा समोरासमोर आले. रॉबिन्सनने त्याला ओळखलं! एवढ्या पोराटोरांतून तो एक मुलगा त्याच्या लक्षात राहिला होता.

1998 पासून ओरी एनएचएलतर्फे गावोगावच्या मुलांना हॉकीकडे आणायचं काम करू लागला. 2018 मध्ये हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, नाव लागलं. 2022 मध्ये, आजच्याच तारखेला, ब्रुइन्सने त्याचा 22 नंबर कायमचा राखून ठेवला. कोविडमुळे त्याने तो सोहळा सॅन डिएगोतून पडद्यावरच पाहिला. वय 86.

हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं ते 'बिल्डर' या गटात, म्हणजे खेळ वाढवणाऱ्यांच्या, खेळाडूंच्या गटात नाही. मुलांसाठी त्याने केलेलं काम त्या मानाला पुरेपूर लायक आहे, त्यात वादच नाही. पण एका डोळ्यावर वीसहून जास्त वर्षं बर्फावर काढलेल्या माणसाचा खेळ 45 सामन्यांत मोजू नये असं मला मनापासून वाटतं. लॉस एंजेलिसच्या त्या दिवसांतलं थोडंसं तरी चित्रण कुठे मिळतंय का, ते उद्या शोधायचं आहे. राइट विंगला आल्यावर त्याची मान कशी राहायची, ते मला एकदा बघायचंय.