आयला बेटावरचा धूर

पोर्ट एलनहून किनाऱ्याकिनाऱ्याने पायवाट जाते. पाचेक किलोमीटरच्या या वाटेवर लाफ्रॉइग, लागावूलिन आणि आर्डबेग या व्हिस्कीच्या तीन डिस्टिलऱ्या लागतात, तिन्ही १८१५-१६ च्या. स्कॉटलंडच्या या आयला बेटावर चालत फिरायचं मी कधीचं मनात धरलं होतं.

लाफ्रॉइगला व्हिस्कीसाठी मोड आणलेला सातू फरशीवर पसरलेला पाहिला. पलीकडे भट्टीत पीट धुमसत होतं. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबून राहिलेलं शेवाळ आणि गवत. त्याचे तुकडे कापून गोवऱ्यांसारखे वाळवतात. बेटावर झाडं तुरळक, कोळसा नाही, त्यामुळे जुन्या काळी जळण हेच. त्याचा धूर ओल्या सातूत मुरतो आणि पुढे पिंपात दहा वर्षं काढली तरी जात नाही.

पहिला घोट घेतला आणि आजोळच्या न्हाणीघरातला बंब डोळ्यांपुढे आला. धूर, राख, त्यात आयोडीन आणि खारा वारा. मी तिथेच हरखलो. सोबतच्या मैत्रिणीने मात्र ग्लास खाली ठेवला. दोनच दिवसांपूर्वी स्कॉटलंडच्याच स्पेसाइड भागात, डफटाउनला, ग्लेनफिडिक व्हिस्कीचा नासपती-मधाचा गोडवा तिला फार आवडला होता. ‘आयला माझ्यासाठी नाही,’ असं तिने ठरवूनच टाकलं.

दुसऱ्या दिवशी बेटाच्या उत्तर टोकाला बुन्नाहाव्हन डिस्टिलरीला गेलो. तिथली नेहमीची व्हिस्की जवळजवळ बिनपीटची आणि बरीचशी शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांत मुरलेली. मनुका, अक्रोड, किंचित मीठ. मैत्रिणीने दोनदा वास घेतला, पाण्याचे चार थेंब घातले आणि ग्लास संपवला.

स्कॉच व्हिस्कीचे कायद्याने पाच प्रदेश आहेत: हायलँड, लोलँड, स्पेसाइड, आयला, कॅम्पबेलटाउन. पण एवढ्यावरून बाटली निवडू नये, असं मला आता ठामपणे वाटतं. पीट वापरलंय का आणि पिंप कुठलं, हे दुकानदाराला आधी विचारावं. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपातून बहुधा व्हॅनिला आणि नारळ येतो, शेरीच्या पिंपातून सुकामेवा. आपल्या गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन डिस्टिलरीत पीटची आणि बिनपीटची, दोन्ही सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत फक्त मोडाच्या सातूची व्हिस्की) बनवतात. घरी परतल्यावर आम्ही दोघं त्या शेजारी-शेजारी ठेवून चाखणार आहोत.

परतीच्या बोटीवर तिच्या पिशवीत बुन्नाहाव्हन होती, माझ्या पिशवीत लाफ्रॉइग. अंगातल्या स्वेटरला अजून भट्टीचा वास येत होता.