ओहोटीचा तास

बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५. माघ पौर्णिमा.

कालपासून बारावीची बोर्डाची परीक्षा सुरू झाली. आमची इमारत परीक्षा केंद्र, त्यामुळे डिग्रीची सगळी लेक्चर्स सकाळी सातपासून कोंबून उरकायची. स्टाफरूममध्ये दरवर्षीची कुरकुर चालू आहे. मला मात्र हे दिवस फावतात. वर्गच रिकामा नाही म्हटल्यावर पोरांना बाहेर न्यायला कोणी आडकाठी करत नाही. आज एफवायची तीसेक मुलं घेऊन वांद्र्याच्या कार्टर रोडच्या खडकांवर गेले.

पौर्णिमा मुद्दाम धरली होती. सकाळी फळ्यावर तिथीचं गणित मांडलं. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तिथून सव्वासहा तास पुढे गेलं की ओहोटी, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. पोरांनी लगेच मोबाईल काढून कोष्टक पाहिलं. फोनवरची वेळ जरा पुढची निघाली. "मॅडम, तुमचं चुकतंय," एकाने जाहीर केलं. म्हटलं, बाबा रे, हे गणित करायला ना नेट लागतं ना चार्जिंग, आणि किनाऱ्यावरच्या लोकांनी त्याच्या जिवावर पिढ्यान् पिढ्या होड्या लोटल्या. त्याला थोडी सूट दे. मग उधाणाची भरती आणि भांगाची भरती समजावली. अमावास्या-पौर्णिमेला समुद्र जसा जास्त चढतो तसा जास्त मागेही जातो, अष्टमीच्या आसपास दोन्हीकडे हात आखडता घेतो. कॉमर्सच्या मुलांना हे पटकन कळतं. जमा-खर्चच आहे.

खडकांवर पोचलो तेव्हा पाणी बरंच खाली गेलं होतं. पहिली पाच मिनिटं सेल्फीची; ती मी सोडूनच देते. मग एक मुलगा ओरडला, "मॅडम, हे शेवाळ चिकट नाहीये." त्याने बोट लावलं होतं ते शेवाळ नव्हतंच. झोअँथिडची वसाहत होती, प्रवाळांच्या नात्यातले जीव. हिरवट-तपकिरी, शर्टाच्या बटणाएवढी एकेक चकती, खडकावर एकमेकींना खेटून बसलेली. पाण्याबाहेर असलेल्या सगळ्या मिटलेल्या. बाजूच्याच डबक्यात, वीतभर पाण्याखाली, तेच जीव उघडलेले होते. प्रत्येकाच्या कडेला बारीक शुंडकांची झालर आणि मधोमध तोंड. तो मुलगा उकिडवा बसून कितीतरी वेळ मिटलेलं आणि उघडलेलं आळीपाळीने बघत होता. त्याचं घर खारमध्ये, इथून रिक्षाने दहा मिनिटांवर. तोवर दोन मुलींनी शंखातला खेकडा पकडून तळहातावर ठेवला आणि तो चालायला लागल्यावर किंचाळून टाकला. तेही दरवर्षी होतं.

पलीकडे एक मावशी कालवं फोडत होत्या. खडकाला चिकटलेला शिंपला टोकदार लोखंडाने अचूक जागी टोचायचा, झाकण उडवायचं, आतला गर डब्यात. त्यांनी आमच्या एका मुलीला झापलं, "पाण्याकडं पाठ करून उभी राहू नको गं." माझं सुरक्षेचं भाषण त्या एका वाक्यात आटपलं. मी नुसती मान हलवली.

घरी येऊन पाय शेकत बसले आणि हिशेब सुरू झाला. मे महिन्यात मी साठ पुरी करून निवृत्त होईन, त्यामुळे हल्ली हे डोक्यात सारखं चालू असतं.

मी नोकरीला लागले ती वाणिज्य भूगोल शिकवायला. कापूस कुठे, ज्यूट कुठे, सुएझ कालव्याचं महत्त्व. पर्यावरण हा विषय आमच्याकडे आला तो कोर्टाच्या हुकमाने. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितलं की शाळा-कॉलेजांत पर्यावरण सक्तीने शिकवा. बारा वर्षं ढिम्म कोणी हललं नाही. २००३ मध्ये कोर्टाने पुन्हा कान उपटले, तेव्हा कुठे यूजीसीचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सगळ्या पदवी वर्गांना लागू झाला. हुकमाने आलेल्या विषयाचं जे होतं तेच झालं. गाईड निघाली, 'ओझोनच्या थराचे महत्त्व विशद करा' आलं, प्रकल्पाच्या नावाखाली नेटवरची पानं प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून यायला लागली. प्लास्टिक हानिकारक असल्याचा प्रकल्प प्लास्टिकच्याच फाइलमध्ये, हा विनोद आता मलाही हसू आणत नाही.

बाहेर नेण्याची खोड मात्र त्याच्या आधीची. विशीत उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्स केला होता. गिरगावातल्या चाळीतली मुलगी बर्फात कुऱ्हाड चालवायला निघाली म्हणून घरात महाभारत झालं होतं. गाठी, दोर, बिले (म्हणजे चढणाऱ्याला दोराने सांभाळणं) हे सगळं पुढे विसरले, पण माणसं कशी चालवायची ते हाडात राहिलं. सगळ्यात हळू चालणारा पुढे ठेवायचा, सगळ्यात भरवशाचा शेवटी. जागा सोडताना आणि जागा गाठताना डोकी मोजायची. वळायची वेळ निघण्यापूर्वी ठरवायची आणि ती झाली की वळायचं, समोर कितीही सुंदर काही असो. कान्हेरीच्या पायऱ्यांवर हिमालयाचे नियम कशाला, म्हणून सहकारी हसायचे. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले, त्यानंतर हसणं थांबलं. पण सोबत बाहेर जाणंच थांबत आलं. संमतीपत्रं, हमीपत्रं, विमा, आणि वर 'मॅडम, कशाला रिस्क?' डोकी मोजायला शिकवण्यापेक्षा दार बंद करणं सोपं, हे मला कधीच पटलं नाही.

२६ जुलै २००५ नंतर पोरं पहिल्यांदा स्वतःहून प्रश्न घेऊन आली. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कालिना-कुर्ला बुडालं, आणि कित्येकांना तेव्हाच कळलं की मिठी नावाची नदी आहे. त्यांच्या लेखी तो नाला होता. मग आम्ही ती नदी तुकड्यातुकड्याने पायी पाहिली. विहार तलावाच्या सांडव्याखाली, फिल्टरपाड्याजवळ ती अजून नदीसारखी वाहते. पुढे विमानतळापाशी तिला काटकोनात वळवलंय. आणखी पुढे, जिथे तिला पसरायला खाजण होतं, तिथे बीकेसीच्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या, काचेच्या इमारती. एका मुलीने वहीत लिहिलं होतं, 'पाणी आमच्या घरात आलं नाही, आमचं घर पाण्यात गेलं होतं.' ती कुर्ल्याची. तिला मी पैकीच्या पैकी दिले. मॉडरेटरने दोन कापले.

तेव्हापासून नेटवरून उतरवता येईल असा प्रकल्प देणं बंद केलं. कॉलेजच्या गेटवर पडलेला पाऊस कुठल्या गटारातून कुठल्या नाल्याला जातो ते काढा. हे गूगलला येत नाही.

आणि विषय कोणाला येतो, हेही बाहेर गेल्यावरच कळतं. मागे एक मुलगा होता, गोरेगावच्या आरेच्या जंगलातल्या पाड्यावरून यायचा. शेवटचा बाक, तोंडातून चकार शब्द नाही. जूनमध्ये आरेत फेरी काढली. त्याने वाटेकडेच्या मातीतून वर आलेलं शेवळं दाखवलं, आणि मग कांदिवलीच्या एका मुलीने घरी भाजी कशी करायची विचारलं. तो म्हणाला, "नुसती करू नको, घशाला खाज सुटेल. सोबत काकडं टाकायची." काकडं म्हणजे कोणतं झाड, त्याचं आंबट फळ कधी मिळतं, पाड्यात बिबट्या कोणत्या वाटेने येतो, कुत्री कधी आत घ्यायची, तो बोलत राहिला आणि मी सगळ्यात मागे, डोकी मोजत. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या बाकावर बसला. पहिल्या नाही. बरं झालं.

त्याच आरेत ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं पडायला लागली. त्या दिवशी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या होत्या. सोमवारी ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांवर झाडं गेली होती. त्यानंतरच्या तासाला वर्ग पेटलेला. विरारहून येणारा एक जण उभा राहिला, "मॅडम, मी रोज दारात लटकून येतो. मला मेट्रो पाहिजे." दुसरी म्हणाली, मेट्रोला नाही कोण म्हणतंय, कारशेड दुसरीकडे न्या. वाद तासभर चालला. शेवटी कोणीतरी विचारलं, "परीक्षेत काय लिहायचं?" मी म्हटलं, दोघांचंही लिहा आणि कोणाचं का पटतं ते लिहा. आता गेल्या ऑक्टोबरपासून ती मेट्रो आरे ते बीकेसी धावते आहे. मीही जाते तिने. थंडगार असते.

पण माझ्या लेखी या सगळ्या वर्षांचं काही असेल तर त्या वह्या. बोरिवलीच्या नॅशनल पार्कातली ठरलेली वाट आणि कार्टर रोडचा ठरलेला खडकाळ पट्टा. दरवर्षी नवी बॅच, जागा त्याच. काटेसावरीचं पहिलं फूल कधी दिसलं, कुसुमाला लाल पालवी कधी आली, कोणत्या डबक्यात काय सापडलं. 'मॅडम, यंदा लोणावळा करू ना, तेच तेच काय?' हे प्रत्येक बॅचने विचारलं आणि प्रत्येक बॅचला मी नाही म्हटलं. नवीन जागी माणूस देखावा बघतो. त्याच जागी पुन्हा गेला, की काय बदललं ते बघतो. या वह्यांवरून हवामानबदलाचे मोठे निष्कर्ष काढायचा मोह मी आवरते. एका बॅचचे डोळे तीक्ष्ण, दुसरीचे झोपाळू. पण वही उघडून 'गेल्या वर्षीच्यांना दिसलं होतं, मग आपल्याला का नाही?' म्हणून पोरं झाडाखाली थांबतात, तेवढं मला पुरतं.

यात कारवीने सगळ्यांची गोची केली. आठ वर्षांनी एकदा फुलते आणि डिग्री तीन वर्षांची. नॅशनल पार्कात २००८ ला फुलली, २०१६ ला, आणि आता २०२४ ला. मधल्या बॅचेसना नुसत्या काठ्या दिसल्या. त्यांच्या नोंदी वाचल्या की हसू येतं: 'कारवी. फूल नाही.' पुढच्या वर्षी पुन्हा: 'कारवी. फूल नाही.' कंटाळून का होईना, पण लिहिलंय. गेल्या सप्टेंबरात २००८ च्या बॅचमधल्या एकीचा फोन आला. आता सीए आहे, मालाडला ऑफिस. "मॅडम, यंदा आहे ना?" कॅलेंडरात तिने स्वतः मांडून ठेवलं होतं. लेकीला घेऊन आली, जांभळ्या उतारावर उभी राहिली आणि आधी जुनी वही मागितली, स्वतःचं अक्षर बघायला. सुकलेली बोंडं तडतड फुटून बी उडतं, ते ऐकायला पुन्हा येते म्हणाली. येईल. ती लेजर वेळेवर बंद करणाऱ्यांपैकी आहे.

आता वह्या कोणाला द्यायच्या? माझी जागा भरली जाईल अशी चिन्हं नाहीत. नव्या धोरणात विषय दोन क्रेडिटचा झालाय, वर्कलोड तेवढा बसत नाही. सध्या तासिका तत्त्वावरची एक पोरगी माझ्यासोबत आहे. हुशार, चिखलात बिनदिक्कत उतरणारी, मला ओहोटीच्या वेळा आठवण करून देणारी. आज परतताना बँडस्टँडच्या बसमध्ये तिने विचारलं, "मॅडम, हे मस्टरवर कुठल्या तासात दाखवायचं?" तिला पैसे तासाचे मिळतात आणि तास म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, चार भिंतींत, वेळापत्रकाच्या चौकटीत. समुद्र त्या चौकटीत ओहोटी आणत नाही. म्हणजे आजची संध्याकाळ तिने फुकट केली. मी असेपर्यंत माझ्या सहीने निभावून नेईन, 'प्रात्यक्षिक' लिहून. जूननंतर तिने फुकट करावं असं तिला सांगायला माझी जीभ रेटत नाही, आणि करू नको म्हणायलाही नाही. उद्या प्राचार्यांकडे लेखी अर्ज देते: क्षेत्रभेटीचे तास वर्कलोडमध्ये धरावेत. आधीचे अर्ज कुठल्या फाइलला लागलेत ते क्लार्कला माहीत आहे, त्याच्याकडून जावक क्रमांक काढून घ्यायला हवेत.

पुढची चांगली ओहोटी २७ ची, अमावास्या. पण त्या दिवशी मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम, अर्धा वर्ग लेझीममध्ये. मग २८ ला. प्रतिपदा, म्हणजे पंधराच्या पुढची सोळा, सोळाची पाऊणपट बारा, ओहोटी सव्वासहा. अंधार पडायच्या आत खडकांवरून वर यायचं तर पाच वाजता उतरायला हवं. ग्रुपवर टाकायचं: पट्ट्याचे सँडल, स्लिपर चालणार नाही, टॉर्च, संमतीपत्र. आणि वही या वेळी तिच्याकडे द्यायची.