तुम्ही विचारलंत म्हणून: शब्बाथ शाळेत सुपरमॅन कशाला?

"पवित्र शास्त्र कमी पडलं का, की मुलांना सुपरहिरोंचे पिक्चर दाखवता?" मी चर्चमध्ये शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, घेते. मंडळीतल्या थोरामोठ्यांनी मला हे इतक्यांदा विचारलंय, की आता एकदा नीट सांगतेच.

मुलं हे पिक्चर घरी बघतातच. आपण गप्प बसलो, तर तारणारा कसा असतो हे त्यांना तो पडदाच शिकवणार. शिवाय ओळखीच्या कथारूपातून सुवार्ता सांगणं आपल्याकडे नवं नाही. पुराणं ऐकत वाढलेल्या माणसांना फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी ओव्यांमधून ख्रिस्तपुराण दिलं, ते १६१६ साली छापलं गेलं. हे सांगताना माझा आवाज चढतो. २०१३ सालची ती संध्याकाळ आठवते म्हणून चढतो.

त्या वर्षी 'मॅन ऑफ स्टील' हा सुपरमॅनचा पिक्चर आला होता. अमेरिकेत तर निर्मात्यांनी पाळकांसाठी प्रवचनाची टिपणंच तयार करवून घेतली होती. मीही भारावले होते. सुपरमॅन येशूसारखाच ३३ वर्षांचा, बापाने पृथ्वीवर पाठवलेला एकुलता एक मुलगा. चर्चमध्ये बसतो तेव्हा मागच्या काचेवर गेथशेमाने बागेतला येशू. मी फळ्यावर दोन रकाने पाडले आणि साम्यं लिहीत गेले.

नववीतल्या एका मुलाने हात वर केला. त्याचे वडील आदल्या वर्षी घाटातल्या अपघातात गेले होते. पिक्चरमध्ये वादळ येतं. सुपरमॅन त्याला पृथ्वीवर वाढवणाऱ्या वडिलांना सहज वाचवू शकला असता, पण त्याची शक्ती लोकांना कळू नये म्हणून ते हात दाखवून त्याला थांबवतात, आणि तो थांबतो. मुलगा म्हणाला, "ताई, त्याच्या वडिलांनी नको म्हटलं म्हणून तो थांबला. माझ्या पप्पांनी तर हाक मारली असेल. मग येशू का थांबला?"

मी म्हणाले, "देवाची योजना आपल्याला कळत नाही, बाळा."

तो फळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग हे सारखं कसं?" वही मिटली आणि गेला. पुढचं वर्षभर तो आला नाही. त्याच्या आईने मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं.

मार्थेने येशूला तोंडावर हेच म्हटलं होतं: तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. त्याने तिला दटावलं नाही. पुढे तो रडलाही. मी मात्र उत्तर देऊन मोकळी झाले. पण तिचा भाऊ लाजर मेलेल्यातून उठला, या मुलाचे वडील उठले नाहीत. म्हणजे ती गोष्टही त्याला सांगायला मला तोंड नाही.

तेव्हाच्या मला मी आज विचारते: सुपरमॅन १९३८ साली दोन ज्यू तरुणांनी जगापुढे आणला. त्याचं बाळपण ज्यूंच्याच मोशेच्या, जीव वाचवायला टोपलीत घालून नदीत ठेवलेल्या बाळाच्या, किती जवळचं! ते ओढून येशूकडे कशाला आणलंस? आणि शेवटी तो शत्रूची मान मोडतो, तो भाग मुलांना का दाखवला नाहीस? सोयीचं तेवढंच घेतलंस.

आता मी फरकावर बोलते. मंदिराच्या टोकावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असं सैतान सांगतो, आणि येशू उडी टाकत नाही. वधस्तंभाखाली लोक म्हणतात, याने दुसऱ्यांना वाचवलं, याला स्वतःला वाचवता येत नाही. तो उतरत नाही. सुपरहिरोंचा कुठलाही पिक्चर इथे अडतो, आणि मुलंही इथेच खरी बोलायला लागतात. म्हणून दाखवते.

तरी कधी कधी वाटतं, हाही फळ्यावरचा आणखी एक रकानाच. त्या मुलाला त्याने काय मिळतं?

तो आता पुण्यात नोकरी करतो. नाताळात घरी आला की उपासनेला येतो, मागच्या बाकावर बसतो. "कशा आहात, ताई?" असं विचारतो. त्या संध्याकाळबद्दल आम्ही अजून बोललेलो नाही.